गाण्यातला 'हॅड' ऐकूच येत नाही

इंग्रजी गाणी ऐकून पास्ट परफेक्ट (म्हणजे 'हॅड' लावून 'त्याआधीच घडलं होतं' सांगणारा काळ) पक्का होतो असं म्हणतात. ते पटतं, पण एक गोची आहे. गाण्यात 'आय हॅड'चं बहुतेकदा नुसतं 'आय्ड' होतं आणि 'आय वुड'चंही तेच. म्हणून पुढचं क्रियापद बघायचं: तिसरं रूप, म्हणजे 'आय्ड गॉन' असेल तर हॅड; मूळ रूप, म्हणजे 'आय्ड गो' असेल तर वुड. ('कम', 'पुट' आलं की मात्र पंचाईत, त्यांची ही दोन्ही रूपं सारखीच, तिथे संदर्भावरच भिस्त.)

शिवाय विरहगीतांत 'इफ आय हॅड नोन' छापाच्या ओळी फार. तिथे रूप तेच, पण अर्थ 'कळलं असतं तर'. सुरुवातीला त्या बाजूला ठेवा. ती पोचली तोवर गाडी सुटली होती, अशी गोष्ट सांगणारी गाणी घ्या. आधी काय घडलं ते लगेच कळतं.