कबड्डीच्या वजनात बसण्यासाठी मुलाला उपाशी ठेवावे का?

प्रश्न (एक आई, सांगली)
नमस्कार. माझा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या १४ वर्षांखालील कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो. जूनमध्ये घेतलेली पँट आत्ताच घोट्याच्या वर गेली आहे, इतकी त्याची उंची वाढली. साहजिकच वजनही वाढले आणि ते स्पर्धेच्या मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरते. सरांनी त्याला आठ दिवस रात्रीचे जेवण बंद करून, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी न पिता स्वेटर घालून पळायला सांगितले आहे. काल त्याने ताटातली भाकरी गुपचूप गाईला घातली. अडवले तर म्हणतो, "आई, तुझ्यामुळे आम्ही हरू." काय करावे?

उत्तर (निवृत्त क्रीडाशिक्षक)
ताई, वाचून वाईट वाटले, नवल मात्र वाटले नाही. तरुणपणी मीही मुलांना हेच सांगत असे आणि आज त्याची लाज वाटते. दांडग्या मुलांपुढे लहान चणीची मुले चेंगरू नयेत म्हणून ही मर्यादा ठेवलेली आहे. वाढीच्या जोरात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही वाढतो, तेव्हा वजन वाढणे हा त्याचा दोष नाही. एका दिवसात घाम गाळून उतरवलेले वजन म्हणजे चरबी नव्हे, ते जवळजवळ सगळे पाणीच असते, आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर थोड्याच वेळात सामना असेल तर ते भरून निघत नाही. कोपऱ्यावरच्या खेळाडूला चढाईवाल्याचा घोटा नेमक्या क्षणी धरावा लागतो. पोटात अन्न नसलेल्या आणि पायात गोळे आलेल्या मुलाचा हात तिथे अर्धा क्षण उशिराच पोहोचतो. आपण दोघे पालक सरांना भेटा, पण मुलासमोर नको. सराव चालू राहील, जेवण-पाणी मात्र बंद होणार नाही, एवढे शांतपणे सांगा.

उत्तर (एक पालक, कराड)
१७ वर्षांखालील गटात वजनमर्यादा जास्त असते, म्हणून आम्ही मुलाला तिकडे खेळवण्याचा विचार केला होता. पण समोर सोळा वर्षांची मुले पाहिल्यावर तो सोडून दिला. त्या वर्षी तो मैदानी स्पर्धेत ४०० मीटर धावला, कारण धावण्याला वजनगट नसतो.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आज आम्ही दोघे सरांना भेटलो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, वजनात बसला तर खेळेल, नाही तर कोपऱ्यावर दुसऱ्याला तयार करायला त्याचीच मदत घेईन. मुलगा अजून रुसलेला आहे. रात्री मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या.