सोसायटीच्या मोकळ्या जागेत काय करावं? पूल की कोर्ट?

आमच्या सोसायटीत क्लबहाऊसच्या मागे बरीच जागा रिकामी पडलीये, कमिटीत दोन गट पडलेत, एकाला स्विमिंग पूल हवाय आणि दुसऱ्याला बॅडमिंटन कोर्ट, मीटिंगमध्ये नुसती भांडणं. कोणाला अनुभव आहे का?

सी विंग: पूल बांधायचा खर्च सगळे बघतात, चालवायचा कोणी बघत नाही. फिल्टरचा पंप रोज तासन्‌तास चालतो, पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा लागतो, नाहीतर क्लोरीन नीट काम करत नाही, वर लाईफगार्डचा पगार. आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी पाणी हिरवंगार, पोरं काठावर बसून बेडूक मोजायची 😄

माजी खजिनदार: कोर्टच करा. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट ४४ बाय २० फूट, पिकलबॉलचंही (पॅडल आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळतात तो खेळ) तेवढंच, म्हणजे एकाच जागेत दोन्ही, फक्त नेटची उंची आणि आतल्या रेषा वेगळ्या. पण चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, आमच्याकडे भिंत इतकी जवळ होती की मागे जाताना कोपर आपटायचं. आणि पिकलबॉलचा टकटक आवाज खालच्या मजल्यावरच्यांना जाम त्रास देतो, वेळ आधीच ठरवा.

ग्राउंड फ्लोअर: आवाजाला +१. आणि म्हाताऱ्यांचं काय? सावलीतले चार बाक कोणाच्याच यादीत नसतात.

प्रश्नकर्ता: बाकांचं खरंच डोक्यात नव्हतं. आता आधी घरोघरी फॉर्म फिरवतो.