शब्द हवा आहे : 'सोशल क्लायंबर'

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन' (1975) चा चार ओळींचा परिचय आमच्या फिल्म क्लबसाठी लिहिते आहे. अठराव्या शतकातला आयर्लंडचा एक साधा मुलगा सैन्य, जुगार आणि लग्न अशा वाटेने इंग्लिश उमरावांत शिरतो आणि शेवटी सगळं घालवून बसतो. अशाला मराठीत काय म्हणावं? 'सामाजिक शिडी चढणारा' लिहिलं आणि खोडलं. भिंत रंगवायला आलेला माणूस वाटतो.

– 'नवश्रीमंत' चालेल का?

– नाही चालणार. नवश्रीमंताकडे पैसा स्वतःचा असतो. बॅरीकडे दमडी नाही, सगळं त्याच्या बायकोचं, लेडी लिंडनचं. तिच्या पश्चात इस्टेट जाणार पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाकडे, बुलिंग्डनकडे. म्हणून तर बॅरीची आई किताबासाठी मागे लागते आणि मेजवान्या, भेटी, चित्रांची खरेदी यांत बायकोची दौलत वितळते. त्यामुळे 'प्रतिष्ठालोलुप'ही अर्धवटच. त्याला नुसती हौस नाही, उद्याची भीतीही आहे.

– मग 'घरजावई'! बायकोचं आडनावसुद्धा स्वतःला जोडून घेतो.

– पण घरजावई म्हटलं की खाली मान घालून जेवणारा डोळ्यांसमोर येतो. हा तर मालकिणीलाच गप्प बसवतो.

– 'तोतया'? इंग्लिश अधिकाऱ्याचा गणवेश आणि कागदपत्रं चोरून प्रशियन कॅप्टनपुढे मिरवतो, तेव्हा अगदी फिट्ट. आपल्याकडे सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तोही त्याच काळात. पानिपत 1761 चं, बॅरी ज्यात लढतो ते युरोपातलं सप्तवार्षिक युद्ध 1756 ते 1763 चं. पण लग्नानंतर बॅरी तोतया उरत नाही. नवरा खराच आहे, फक्त उमराव नाही.

– माझं मत 'उपटसुंभ'ला. कुठला कोण ठाऊक नाही आणि येऊन मालकी गाजवतो. बुलिंग्डन त्याच्याकडे बघतो ते याच नजरेने.

– शब्द झकास, पण तो नेहमी आतल्या माणसाच्या तोंडी असतो. स्वतःला कुणी उपटसुंभ म्हणवून घेत नाही. ताई, परिचयात तो घातलात तर तुम्ही बुलिंग्डनच्या बाजूला जाऊन उभ्या राहाल. कुब्रिक तसा उभा राहत नाही. त्याचे उमराव काही फार गुणी नाहीत.

मी म्हणेन, नाम सोडा, क्रियापद धरा. 'पंगतीत जाऊन बसला.' भर मैफलीत बुलिंग्डनला बदडल्यावर आमंत्रणं थांबतात, थकलेली बिलं एकदम दारात येतात, आणि किताबासाठी ज्याच्यावर भिस्त होती तो लॉर्ड वेंडोव्हर सोबत जेवायला बसणंही गोड बोलून टाळतो. म्हणजे पंगतीतून उठवलंच की! शेवटी वर्षाला 500 गिनी ठरवून देशाबाहेर.

– 'पंगत' शब्दाला आपल्याकडे जातीचा वास आहे हो.

– आहे ना, म्हणून तर म्हटलं. पैसे असूनही ताट मांडलं जात नाही, हे मराठी वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही.

धन्यवाद सगळ्यांना. असं लिहिते : 'उमरावांच्या पंगतीत जाऊन बसलेल्या आणि तिथून उठवल्या गेलेल्या एका आयरिश मुलाची गोष्ट.'

– 'उठवल्या गेलेल्या' कशाला? 'उठवलेल्या' पुरे.