विषय: सासऱ्यांना बेसबॉल दाखवावा का?

नमस्कार मंडळी,
सासू-सासरे पुण्याहून इथे अ‍ॅरिझोनात येऊन तीन आठवडे झाले. ग्रँड कॅन्यन झालं, सेडोना झालं, कॉस्टको तर चारदा झालं. आता शनिवारी स्प्रिंग ट्रेनिंगच्या, म्हणजे बेसबॉलच्या मोसमाआधीच्या सरावाच्या, सामन्याला न्यावं म्हणते. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कंटाळतील का हो? आणि त्या दिवशी पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम नाही ना?
– गिल्बर्टहून, लेझीमवाली

*

ताई, खुशाल न्या. तालीम रविवारी आहे.

मी गेल्या आठवड्यात बाबांना सॉल्ट रिव्हर फील्ड्स मैदानावर नेलं होतं, त्याची हकीकत सांगतो. बाबा कोल्हापूरला चाळीसेक वर्षं क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर. नुसता हात बांधून सामना बघणं त्यांना जमत नाही. आत शिरताच स्कोअरकार्ड आणि पेन्सिल मिळवली, आउटफिल्डमागच्या हिरवळीवर सतरंजी पसरली, खारवलेल्या शेंगांची पिशवी मधोमध ठेवली आणि म्हणाले, "हं, सांग आता."

मी सांगितलं. प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) 2, असं करत राइट फील्डर 9. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला, 6) चेंडू अडवला, सेकंड बेसवाल्याला (4) दिला, त्याने फर्स्टला (3) फेकला आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं 6-4-3. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद; तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून हुकला तर 'के'. बॅट खांद्यावरच ठेवून बघत राहिला तर उलटा 'के'. तो उलटा 'के' बाबांना फार भावला. "सोडलेल्या चेंडूवर त्रिफळा उडाला तर आमच्याकडे वेगळी खूण नव्हती रे. असायला हवी होती."

त्यात मी हेन्री चॅडविकचं नाव काढलं. हा जन्माने इंग्रज, 19 व्या शतकात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देणारा. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, त्याने क्रिकेटच्या धावफलकावरून बेतला, आणि तो 'के'ही त्याचाच. झालं! शेजारच्या सतरंजीवरच्या गोऱ्या आजोबांना हे बाबांनी मोडक्या इंग्रजीत दोनदा ऐकवलं.

चार इनिंग सुखात गेल्या. पाचवीनंतर घोटाळा सुरू झाला. एकेक नावाजलेला खेळाडू बाहेर जाऊ लागला, आणि आत येणाऱ्यांच्या पाठीवर 78, 85, 93 असले आकडे. काहींच्या पाठीवर नावसुद्धा नाही. बाबांच्या कागदावर एकेका रकान्यात तीन-तीन माणसं कोंबलेली. "अरे, हा मगाशी दाढीवाला होता!" दाढीवाला तोवर ग्लोव्ह काखेत मारून फाउल लाइनच्या कडेने क्लबहाउसकडे निघालाही होता, वाटेत पोरांना सह्या देत.

बाबा चिडले. "हा सामना आहे की नेट प्रॅक्टिस?" मी म्हटलं, दोन्ही. मोठ्या खेळाडूंना फक्त हात-पाय मोकळे करायचे असतात. मार्चअखेर खरा मोसम सुरू होतो, तेव्हा संघात 26 जणच राहतात. बाकीचे खालच्या लीगमध्ये जातात, नाहीतर घरी.

"म्हणजे निवड चाचणी," बाबा म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा लिहायला बसले. आता पहिल्यापेक्षा बारकाईने. 93 नंबरच्या पोराने आठव्या इनिंगमध्ये पिचरकडे साधा घरंगळता चेंडू मारला. बाद होणार हे दिसत होतं, तरी गडी फर्स्ट बेसपर्यंत जीव खाऊन पळाला. मैदानात कोणी टाळीही वाजवली नाही. बाबांनी 1-3 लिहिलं आणि शेजारी एक टिंब दिलं. मी विचारलं, हे कसलं? म्हणाले, "माझं आहे."

नऊ इनिंग झाल्या, धावा सारख्या. एरवी निकाल लागेपर्यंत खेळतात. इथे मात्र दोन्ही संघ आवराआवर करून चालते झाले. बाबा म्हणाले, "निंबाळकरांच्या 443 नंतर असं अर्धवट सोडून गेलेलं पहिल्यांदाच बघतोय." (क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. ते तरी यांनी कुठे पाहिलं होतं! पण कोल्हापूरकराला हे सांगायचं कोणी?)

ताई, हिरवळीवर सावली नाही. टोप्या घ्या, आणि सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीचं तिकीट काढा.
– चॅन्डलरहून, खजिनदार

*

खजिनदारसाहेब,
निंबाळकरांचा डाव 1948 चा, पुण्याचा. ब्रॅडमनच्या 452 धावांच्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या आणि काठियावाडचा संघ मैदान सोडून गेला. तिथे विक्रम हुकला, इथे कोणाचं काय गेलं? बाबांना माझा नमस्कार सांगून हेही सांगा.

ताई, दोन गोष्टी. यंदा (2026) वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमुळे बरेच मोठे खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला गेलेत, तेव्हा अमुकच दिसेल म्हणून जाऊ नका. दुसरं, बॅटर, पिचर किंवा कॅचरने डोक्यावर टकटक केलं तर दचकू नका. चेंडू बॉल की स्ट्राइक, या अंपायरच्या निर्णयावर ती दाद मागणं असतं. दर संघाला दोन संधी, दाद बरोबर ठरली तर संधी शाबूत. 2025 च्या सराव सामन्यांत हे करून पाहिलं, 2026 पासून खऱ्या मोसमातही आलंय. सासऱ्यांना 'डीआरएस' म्हणा, लगेच कळेल.

आणि मैदानाची चिंता नको. अ‍ॅरिझोनात 15 संघ, 10 मैदानं, सगळी फिनिक्सच्या आसपास. शनिवारी कुठे ना कुठे सामना असतोच.
– टेंपीचे काका

*

काका, खजिनदार, दोघांचेही आभार. मेल मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंना फक्त शेंगांचं कळलं. सासऱ्यांनी मात्र तुमच्या बाबांचा नंबर मागितलाय. शनिवारी तेही येतील का? गाडीत एक जागा आहे.
– लेझीमवाली

*

येतील. सकाळपासून पेन्सिलीला टोक करताहेत. आमच्याकडे खोडरबर नाही, तेवढं घेऊन या. आणि 93 नंबरवाल्याचं नाव कोणाला सापडलं तर कळवा, कागदावर ती जागा अजून कोरी आहे आणि ते कागद फाइलला लावू देत नाहीत.
– खजिनदार