बिनपिसांचा बाण डावीकडेच का जातो?

म्हसरूळकर: कंपाउंड (कप्प्यांचं) धनुष्य, उजव्या हाताचा नेमबाज. धनुष्याची जुळणी तपासायला बिनपिसांचा बाणही मारतोय. १८ मीटरवर पिसांचे तीन बाण पिवळ्यात (लक्ष्याच्या मधल्या वर्तुळात), बिनपिसांचा मात्र वीतभर डावीकडे! उंची बरोबर. रेस्ट (बाण टेकतो तो आधार) डावीकडे सरकवली तर अजूनच लांब गेला. सकाळी सहाला मारतो, वारा नसतो. आता वैताग आलाय.

जुनातीर: उलटं केलंस राजा. बिनपिसाचा डावीकडे, तर रेस्ट उजवीकडे. एका वेळी अर्धा मिलिमीटर, बस्स. पण आधी पकड बघ. तळहाताची गादी ग्रिपवर (धनुष्याच्या मुठीवर) दाबली की धनुष्य पिळतं. माझे दोन महिने त्यातच गेले आणि शिव्या मी बाणांना घालत होतो. पिसांना टाल्कम पावडर लावून एक बाण मार, रेस्टला घासत असेल तर पावडर पुसलेली दिसेल.

गंगापूररोड: माझा मावसभाऊ अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जातो (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषयच नाही). शिकारीच्या पात्याच्या टोकाचा आणि सरावाच्या टोकाचा बाण एकाच जागी लागावा म्हणून तोही रेस्ट अशीच हलवतो. पुढची पाती पंखासारखी हवा धरतात, बाण जरा तिरका सुटला की लगेच भरकटतो.

म्हसरूळकर: पावडर शाबूत. अंगठ्याच्या बाजूने ग्रिप धरली, रेस्ट दीड मिलिमीटर उजवीकडे. आता दोन बोटांचं अंतर उरलंय. साइट (नेम धरायची खूण) अजून हलवली नाही.

जुनातीर: हलवूही नकोस. साइट सगळ्यात शेवटी.