मदत हवी आहे : एकट्याने जुने नाशिक निवांत कसे पाहावे?

पांथस्थ
नाशिकला येणे आहे आणि शनिवार-रविवार पूर्ण मोकळे आहेत. संकेतस्थळांवर मिळणारी सगळी माहिती कुटुंबकबिल्यासह स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी लिहिलेली दिसते : सकाळी त्र्यंबक, दुपारी मुक्तिधाम, संध्याकाळी द्राक्षमळा. यांपैकी मला काहीही नको. पेशवाईतले जुने गाव, गोदाघाट, वाडे आणि लेणी एवढेच पाहायचे आहे, पण रेंगाळत पाहायचे आहे. मागच्या खेपेस रिक्षा केली होती, तेव्हा सीतागुंफा, काळाराम आणि रामकुंड ही तिन्ही ठिकाणे तासाभरात उरकली गेली, आणि घाटाच्या पायरीवर जरा टेकावे म्हटले तर दर दोन मिनिटांनी कोणीतरी येऊन 'कोणता विधी करायचा आहे?' असे विचारत होते. त्यात आज एका लॉजने 'एकट्या व्यक्तीला खोली देत नाही' असे सांगून फोन ठेवून दिला. राहावे कोणत्या भागात, क्रम कसा लावावा आणि घाटावर स्वस्थ बसता येते का, एवढेच प्रश्न आहेत. गूगलवर पाहा, असे कृपया सांगू नये. ते पाहून झाले आहे.

जुनागावकर
आपण महिना सांगितलेला नाही, कुठून येणार ते सांगितलेले नाही, आणि रेल्वेने येणार की एसटीने हेही नाही. नाशिकमध्ये या तिन्ही गोष्टींनी फरक पडतो. रेल्वे स्थानक नाशिकरोडला आहे आणि तिथून रामकुंड नऊ-दहा किलोमीटर लांब पडते. एसटीने सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरलात तर रविवार कारंजा, सराफ बाजार आणि घाट हे सगळे पायी होते. पावसाळा असेल तर गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर घाट पाहायलाच मिळत नाही. पुराचे पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले, यावर आम्ही पुराचे माप ठरवतो. गुडघ्यापर्यंत आले तर लोक बघायला येतात, कमरेच्या वर गेले की काठावरचे दुकानदार माल हलवू लागतात.

लेणीवेडा
महिना कोणताही असो, सुरुवात पांडवलेण्यांपासूनच करावी. रामकुंड कुठे पळून जात नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत, आणि त्यांतले तिसरे व दहावे समोरासमोर ठेवून पाहण्याची मजा एकट्यालाच घेता येते, कारण सोबतचे लोक दहा मिनिटांत 'झाले का?' विचारू लागतात. दहाव्यात क्षत्रप घराण्यातल्या राजा नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत; तिसऱ्यात त्याच क्षत्रपांचा पाडाव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणगान त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरून घेतले आहे. हरलेला आणि जिंकलेला अशा दोघांच्याही पक्षाची लेणी एकाच डोंगरात आहेत, आणि सातवाहनांच्या लेण्याने खांबांची घडण मात्र क्षत्रपांच्याच लेण्यावरून उचललेली दिसते. तिसऱ्या लेण्यात शिरण्यापूर्वी खाली वाकून पाहावे : सगळी ओसरी खांद्यावर पेलून धरलेले बुटके यक्ष जोत्यातून अर्धेच बाहेर आलेले आहेत. मार्गदर्शक घेऊ नये, तो पांडवांच्याच गोष्टी सांगेल.

जुनागावकर
लेणीवेडे यांना प्रत्येक धाग्यावर लेणीच दिसतात. विचारणाऱ्याने गाव विचारले आहे, डोंगर नव्हे.

लेणीवेडा
मूळ प्रश्नात 'वाडे आणि लेणी' असे शब्द आहेत. कृपया पुन्हा वाचावे.

भक्तिमार्गी
एवढे नाशिकला येऊन त्र्यंबकराजाचे दर्शन न घेता परत जाणे योग्य वाटत नाही. पहाटे निघाल्यास दहापर्यंत दर्शन आटोपते, तिथून ब्रह्मगिरी, आणि दुसऱ्या दिवशी वणीची सप्तशृंगी. फनिक्युलर ट्रॉली असल्यामुळे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

पांथस्थ
त्र्यंबक नको, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. राहिलेला तपशील असा : श्रावणातल्या पहिल्या सोमवारला लागून येणारा शनिवार-रविवार, सोमवारी सकाळी सातपूरला काम, पुण्याहून एसटीने. मी स्त्री आहे, वय सत्तेचाळीस. आता तरी क्रम मिळेल का?

सिडकोकर ताई
मग राहण्याचे आधी ठरवा, बाकीचे आपोआप बसते. श्रावणात पंचवटीतल्या धर्मशाळा आणि लॉज यात्रेकरूंनी भरतात आणि तिथे खोल्या कुटुंबाच्या हिशेबाने देतात, म्हणून गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला राहावे. तिथून रविवार कारंजा फार लांब नाही, रात्री रस्ते जागे असतात आणि सोमवारी सातपूरलाही सोपे पडते. एकट्या स्त्रीला खोली देऊ नये असा कायदा नाही. आधी मेसेजवर 'एकटी येणार आहे' असे लिहून होकार घ्या आणि तो जपून ठेवा, म्हणजे दारात वाद होत नाही. पांडवलेण्यांना मात्र पावसात भर दुपारी एकटीने जाऊ नये, रविवारी सकाळी जावे. तेव्हा फिरायला येणाऱ्या नाशिककरांची पायऱ्यांवर रीघ असते.

गडवाट
दोन दिवस गावात काय करणार? सिन्नरला जा. गोंदेश्वर हे यादवकाळातले पंचायतन (मधे मुख्य देऊळ आणि भोवती चार लहान देवळे) आहे आणि नाशिकहून तीसेक किलोमीटरवर आहे. पुण्याच्या रस्त्यावरच असल्यामुळे येतानाच उतरता येईल.

जुनागावकर
सामान घेऊन? गोंदेश्वर उत्तम आहे, पण हा सल्ला गाडीवाल्याचा आहे.

पुण्याहून येता हे कळल्यामुळे आता नीट लिहितो. शनिवारी दुपारनंतर रविवार कारंज्यावरून निघावे. सुंदरनारायणाचे १७५६ चे मंदिर वाटेतच आहे. तिथून सराफ बाजारात सरकारवाडा बाहेरून पाहिला तरी पेशवाईतल्या लाकूडकामाचा अंदाज येतो, आणि पुढे तांबट लेनमध्ये शिरावे. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत आणि ती वस्ती नदीच्या याच काठावर होती. पलीकडची पंचवटी म्हणजेच नाशिक, अशी बाहेरच्यांची समजूत असते, म्हणून हा भाग राहून जातो. नदीकाठची मातीची गढी लांबून पाहावी, पावसाळ्यात तिची माती ढासळते. तिथे १९५० - ५१ मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहनांच्याही आधीची वस्ती सापडली. लेणीवेड्यांना हे सांगायला आवडेल की डोंगर कोरला जाण्यापूर्वीही गाव होतेच.

पूल ओलांडल्यावर नारोशंकराच्या देवळाची घंटा पाहावी. देऊळ १७४७ चे आहे आणि घंटा वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे. काळाराम शेवटी ठेवा, पण देवळात शिरण्यापूर्वी दाराबाहेर थोडे थांबा : २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. रिक्षावाले गाभारा दाखवतात, दार दाखवत नाहीत.

लेणीवेडा
गढीबद्दलचा मुद्दा मान्य आहे. क्रम अजूनही उलटाच वाटतो.

मिसळप्रेमी
सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये.

सिडकोकर ताई
इथे क्रम विचारला आहे, न्याहारी नव्हे. तरी सांगते की मिसळीच्या ठिकाणी रविवारी एकट्या माणसाला बाकावर सहज जागा मिळते. थांबावे लागते ते सहा जणांच्या घोळक्याला.

क्षेत्रस्थ
घाटावर स्वस्थ बसण्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. रामकुंडाच्या अगदी तोंडाशी बसलात तर विधीबद्दल विचारणारच, कारण तिथे एकटा येणारा माणूस बहुधा अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी आलेला असतो. त्यात लुबाडण्याचा हेतू असतोच असे नाही. खाली यशवंतराव महाराज पटांगणाच्या बाजूला सरकले की कोणी विचारत नाही. पण माझा सल्ला टाळण्याचा नाही. आम्हा क्षेत्रोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. यात्रेला आलेला माणूस आपले नाव, सोबत कोण आले, घरात कोण जन्मले-वारले हे चोपडीत लिहून घेत असे किंवा स्वतःच्या हाताने लिहीत असे. जुनी पाने मोडीत आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगून 'आमचे उपाध्ये कोण?' एवढेच विचारावे, विधी करायचा नाही हे आधीच स्पष्ट सांगावे आणि चोपडी पाहिल्यावर यथाशक्ती दक्षिणा द्यावी. वाडे दगड-लाकडाचे आहेत. पणजोबांची सही त्यांत सापडणार नाही.

जुनागावकर
सगळ्यांच्याच नोंदी सापडतात असे नाही. कित्येक जातींना त्या चोपड्यांत जागा नव्हती, हेही लिहावे. काळारामाचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही.

क्षेत्रस्थ
आमच्याकडे अनेक जातींच्या नामावळ्या आहेत. सर्वांच्या आहेत असा माझा दावा नाही.

पांथस्थ
राहण्याचे ठरले, कॉलेज रोडला होकार लेखी मिळाला आहे. शनिवारी गाव आणि रविवारी सकाळी लेणी असा क्रम धरते. लेणीवेडे यांनी राग मानू नये. नामावळीबद्दल एक शंका आहे. मूळ गाव वाई तालुक्यातले, पण ते माहेरचे. सासर विदर्भातले आहे. यांपैकी कोणते सांगावे?

क्षेत्रस्थ
दोन्ही सांगावे, दोन्हींकडचे उपाध्ये वेगळे निघण्याची शक्यता आहे. स्वतःच्या आजोबा-पणजोबांना शोधायचे असेल तर अर्थातच माहेरचे गाव आणि माहेरचे आडनाव. ते इथे जाहीर लिहू नका, घाटावर सांगा. शनिवारी सायंकाळच्या आरतीपूर्वी या. सोमवारच्या गर्दीत चोपडी उघडायला कोणालाही सवड नसते.

भक्तिमार्गी
सोमवारी काम लवकर संपले तर सातपूर त्र्यंबकच्याच रस्त्यावर आहे.