सोलापुरातलं घर विकताना ठरलेल्या भावातून काय काय वजा झालं? अनुभव लिहा

नमस्कार. विजापूर रोडचं आमचं घर विकायचं ठरतंय. घर आईच्या नावावर आहे, आई आता पुण्यात माझ्याकडे असते आणि कुलूप लावलेल्या घराची देखभाल लांबून होत नाही. भाव किती येईल याचा अंदाज शेजारच्या व्यवहारांवरून आलाय. पण त्यातले हातात किती पडतील, हे कुणी धड सांगत नाही. एजंट भाव सांगतो, वकील कागदं सांगतात, सीए कर सांगतात. बेरीज-वजाबाकी आपणच करायची. आईच्या पुढच्या औषधपाण्याची सोय याच पैशातून व्हायची आहे, म्हणून आकडा आधी कळायला हवाय.

मला माहीत आहे ते असं: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आपल्याकडे घेणारा भरतो. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. विकणाऱ्याकडे राहतात दलाली, थकबाकी, कागदपत्रं, डागडुजी आणि कर. ज्यांनी घर, फ्लॅट, वाडा विकलाय त्यांनी कुठे किती गेले ते लिहा. नावं नकोत, भाग सांगितला तरी पुरे.

जुळे सोलापूर, फ्लॅट

आमच्या फ्लॅटवर गृहकर्ज बाकी होतं. व्यवहार ठरला त्या दिवसापासून बँकेत पैसे भरेपर्यंत हप्ता चालूच राहतो, म्हणून दोन-तीन महिन्यांचे हप्ते हिशोबात धरा. घेणाऱ्याचंही कर्ज असेल तर त्याची बँक आपल्या बँकेला चेक देते आणि दोन्हीकडच्या सह्यांत वेळ जातो. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी कर्ज फेडल्याबद्दल दंड लागत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आमच्या शाखेला हे लेखी कळवलं आणि कागद वेळेत मिळाले.

सोसायटीने हस्तांतरासाठी भरमसाठ रक्कम मागितली, 'इमारत निधी' म्हणून. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सोसायटीची ही रक्कम, २५ हजारांच्या वर घेता येत नाही. वकिलांनी तसं पत्र दिलं, मग मागणी खाली आली. ते पैसे विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, हे साठेखतातच (विक्रीआधीच्या करारातच) लिहून घ्या. आमचे निम्मे-निम्मे ठरले होते. दलाली एक टक्का दिली. दोन मागितली होती.

साखर पेठ, वडिलोपार्जित वाडा

आमचा खर्च विकायला काढण्याच्या आधीच सुरू झाला. वाडा आजोबांच्या नावावर आणि वारस तीन पिढ्यांचे. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) वारसनोंद झाल्याशिवाय गिऱ्हाईक बोलायलाही तयार नव्हतं. मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, वकिलांची फी, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. प्रत्येक रक्कम लहान, पण एकही टाळता येत नाही. दोन आत्यांनी मोबदला न घेता हक्कसोड करून दिलं. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीच्या अशा दस्ताला मुद्रांक नाममात्र लागतो. आत्यांना मात्र आम्ही आमच्या मनाने साडीचोळी आणि दागिना केला. तोही खर्च आहे आणि तो आनंदाने धरावा असं माझं मत आहे.

सगळ्यात मोठा धक्का मिळकत कराचा. वाड्यात कुणी राहत नव्हतं म्हणून बिल कुणी पाहिलंच नव्हतं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढत जाते. शास्तीसकट ही रक्कम आमच्या दलालीपेक्षा जास्त निघाली. महापालिका अभय योजना लावते तेव्हा शास्तीत सूट मिळते, त्या काळात भरून टाका. बेबाकी (बाकी नसल्याच्या) दाखल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

एक चुलतबहीण अमेरिकेत. तिच्या कुलमुखत्यारपत्रावर तिकडच्या भारतीय वकिलातीत सही, मग ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं. शिवाय अनिवासी व्यक्तीच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो आणि तो नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर कापला जातो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणलं तरच सुटका. नाहीतर परतावा मिळेपर्यंत पैसे अडकतात.

जुनी मिळकत विकल्यावर नफ्यावर लागणाऱ्या आयकराचंही ऐका. २००१ पूर्वीच्या वास्तूसाठी १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, फक्त त्या दिवसाच्या सरकारी मूल्यांकनाच्या वर जाता येत नाही. रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल घ्या. त्याची फी करात वाचलेल्या पैशापुढे काहीच नव्हती.

दत्त नगर, पूर्व भाग

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चार माग होते. विकताना माग भंगारात गेले, पण ते काढल्यावर फरशी आणि पाया उघडा पडला, तो भरून द्यावा लागला. मागाचं वीज कनेक्शन वेगळं होतं. ते बंद करताना महावितरणकडे जमा असलेली सुरक्षा ठेव परत मिळाली, तिची पावती शोधून ठेवा. पैसे येणारी बाजू तेवढीच.

शेळगी, रो-हाऊस

पाण्याबद्दल लिहिते. नळाला पाणी रोज नाही, म्हणून घर बघायला आलेला प्रत्येक जण आधी बोअर चालू करायला लावतो. आम्ही मोटर बदलली, टाकीची गळती काढली, गच्चीचा कोबा दुरुस्त केला. रंग मात्र फक्त दर्शनी भिंतींना दिला, कारण घेणारा आत शिरल्यावर आपल्या पसंतीचाच देतो. या तीन कामांना घातलेले पैसे भाव करताना वसूल झाले असं मला ठाम वाटतं.

रेल्वे लाईन्स, निवृत्त बँक कर्मचारी

कराचा हिशोब दोन्ही पद्धतींनी करा. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, महागाईची सूट नाही. पण घर त्या तारखेच्या आधी घेतलेलं असेल आणि मालक भारतात निवासी व्यक्ती असेल, तर जुन्या पद्धतीने महागाई धरून २० टक्के काढायचे आणि जो कर कमी तो भरायचा.

उदाहरण घ्या. २००५-०६ मध्ये ८ लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये ४२ लाखांना गेलं. साध्या पद्धतीने नफा ३४ लाख, कर सव्वाचार लाख. आयकराचा महागाई निर्देशांक ११७ वरून ३७६ झाला, म्हणून जुन्या पद्धतीने खरेदी किंमत साधारण २५ लाख ७१ हजार, नफा १६ लाख २९ हजार, कर सव्वातीन लाखांच्या आसपास. लाखाचा फरक! वर ४ टक्के उपकर. दलाली आणि विक्रीचा वकिली खर्च नफ्यातून वजा होतो, म्हणून पैसे चेकने द्या आणि पावत्या ठेवा.

धागाकर्त्यांच्या आईंना दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर मूळ करमुक्त मर्यादेचा उरलेला भागही या नफ्यातून वजा होतो. शिवाय सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत सरकारी कंपन्यांच्या ठरावीक रोख्यांत नफा गुंतवला तर कर लागत नाही, मात्र पैसे पाच वर्षं अडकतात. आईंच्या औषधपाण्याला लागणारी रक्कम त्यात घालू नका.

रोखीने 'वरचे' पैसे द्यायला कुणी तयार झालं तरी घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि रेडीरेकनरची (सरकारी दराची) किंमत ठरलेल्या भावाच्या ११० टक्क्यांवर गेली तर कर रेडीरेकनरवरच लागतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच मिळकत कराचं बिल काढलं, दोन वर्षांची बाकी आहे. आता दलाली, बाकी, बोअर आणि गच्चीचं काम, वकील, सीए आणि कर असे रकाने मांडलेत. कराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणार, म्हणजे ती घरखर्चात मिसळणार नाही. विसार (आगाऊ रक्कम) किती घ्यावा, एवढंच राहिलं.

जुळे सोलापूर, फ्लॅट

आम्ही भावाच्या दहा टक्के घेतला होता, बँकेतूनच. साठेखत नोंदवलं तरच घ्या, आणि घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर झालं तर विसार किती दिवसांत परत करायचा ते त्यात लिहा. तोवर ती रक्कम खर्चू नका.